पाण्याची पाठवणी

पाणी आलं का, हे आपल्याकडे इतक्या वेळा विचारलं जातं की त्याला प्रश्न म्हणायचं की नमस्कार, हेच कळत नाही. सकाळी शेजारीण शेजारणीला विचारते, शेतकरी पाटकऱ्याला विचारतो, जतचा माणूस म्हैसाळ योजनेच्या कालव्याकडे बघत विचारतो, आणि जून सरत आला की सगळे मिळून आभाळाला विचारतात. पाणी गेलं का, असं मात्र फार थोड्या ठिकाणी विचारतात. ऑगस्टात सांगलीच्या गावभागात, कृष्णाकाठच्या उसाच्या रानात, आणि ज्याच्या पोटात चादरी पाण्यात बसून राहिल्या आहेत अशा वॉशिंग मशीनसमोर. या तिन्ही ठिकाणची माणसं माझ्या परिचयाची आहेत. तिसऱ्या ठिकाणी तर मी स्वतःच परात घेऊन बसलेलो आहे.

येणाऱ्या पाण्याचं कौतुक करावं तर आमच्या सातारा-सांगलीनं. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र होऊन गोमुखातून पडतं. लोक ते डोळ्यांना लावतात, बाटलीत भरून घरी नेतात. पुढं तेच पाणी धरणात साठलं की जलपूजन होतं. पुढारी काठावर उभे राहून खण-नारळ सोडतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी छापून येतो. हेच पाणी वापरून झाल्यावर ज्या गटारीनं जातं, तिची ओटी भरल्याचा फोटो मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही. नवरी वाजतगाजत मांडवात आणावी आणि पाठवणीच्या वेळी लक्षात यावं की परतीची गाडीच कुणी ठरवलेली नाही, तसा हा सगळा कारभार आहे.

आमच्या सांगलीच्या घरी वॉशिंग मशीन आलं तेव्हाही हेच झालं. जोडणी करायला आलेल्या मुलानं सगळी चौकशी येणाऱ्या पाण्याची केली. नळ कुठं आहे, दाब किती, बोअरचं की महापालिकेचं, जड आहे का. आईनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, मुलाला चहा दिला. जाणाऱ्या पाण्याची करडी नळी त्यानं मागच्या मागं ओढली आणि मोरीच्या भोकात खुपसून दिली. तिची विचारपूस कुणीच केली नाही. नंतर ती भिंत आणि मशीन यांच्यामधल्या फटीत, अंधारात, मुकाट्यानं काम करत राहिली.

मग एका रविवारी चादरींची पाळी आली. मशीननं पाणी घेतलं, चादरी घुसळल्या, आणि पाणी बाहेर टाकायची वेळ आली तशी पोटातून नुसती घरघर काढली. मग तीही थांबली. पडद्यावर दोन अक्षरं उमटली. ही मशीनं दुखणं सांगतात तेही आपापल्या सांकेतिक भाषेत. पाणी तुंबलं की एका कंपनीचं मशीन ‘ओई’ म्हणतं, दुसऱ्या कंपनीचं ‘५सी’ म्हणतं. मुलगा मोबाइलवर त्या अक्षरांचा अर्थ शोधू लागला. तोवर आईनं काचेतून आत बघितलं आणि निदान केलं, “तुंबलंय.”

मिस्त्रीला फोन लावला. “आज न्हाय जमायचं, उद्या येतो. तवर दार उघडू नका,” असं तो म्हणाला. ती सूचना अनावश्यक होती. समोरून दार असलेलं मशीन पोटात पाणी असेपर्यंत दाराचा खटका सोडतच नाही. चादरी आत, आम्ही बाहेर, मध्ये काच. घरात पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यासाठीच त्या चादरी होत्या.

अशा वेळी सासुरवाडीचा फोन यायचा असतो, आणि आला. माझी सासुरवाडी साताऱ्याची. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, ते मला पाहुणं म्हणतात. लेकीकडून बातमी पोचलेली होतीच. “काय पाहुणं, पाणी उतरलं का?” या प्रश्नानं त्यांनी सुरुवात केली. हाच प्रश्न ते मला दर ऑगस्टात याच शब्दांत, याच आवाजात विचारतात. फरक एवढाच की तेव्हा तो नदीबद्दल असतो.

सातारा आणि सांगली अशी सोयरीक जमली की एक भांडण आंदणात येतं. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. पोटात सुमारे १०५ टीएमसी पाणी राहतं. पावसाळ्यात ते भरत आलं की दरवाजे उचलले जातात, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि ती दोघींची बेरीज आमच्या दारात येते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे सांगलीत पोराटोरांना ठाऊक असतं. “तुम्ही वरनं सोडता आणि आम्ही बुडतो,” असं माझी आई विहिणीला फोनवर ऐकवते, जणू साताऱ्याच्या विहीणबाईंनीच दरवाज्याचं चाक फिरवलं आहे. त्याही काही कमी नाहीत. “आमच्याकडं थांबत न्हाई पाणी. तुमच्याकडं थांबतंय, त्याला आम्ही काय करणार?” असं त्या सांगतात.

त्यांचं म्हणणं भूगोलाला धरून आहे. जुना सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेला. तिथं पाणी येतं तेही उतारानं आणि जातं तेही उतारानं. शहराच्या पश्चिमेला डोंगरावर कासचा तलाव आहे. त्याचं पाणी एकेकाळी उघड्या पाटानं, पंपाचं नावही न घेता, शहरात उतरायचं. भर पावसात साताऱ्याच्या पेठांतून चालताना पायाखालून पाणी धावत असतं; त्याला कुठं जायचं ते ठाऊक असतं. सांगली सपाट. काळी माती, नदीचं वळण, थोडं पुढं हरिपूरला वारणेचा संगम. आमच्याकडं पडलेलं पाणी आधी विचारात पडतं. शामरावनगरसारख्या भागात तर ते असं काही मुक्काम ठोकतं की पावसाळा संपला तरी हलायचं नाव घेत नाही.

मामांच्या घरी दोन टपांचं, अर्ध्या कष्टाचं मशीन आहे. त्यामुळं त्यांना माझ्या मशीनबद्दल सहानुभूती नव्हती. “खटका फिरवायचा, नळी खाली टाकायची, पाणी जातंय. त्याला पंप कशाला लागतोय?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पाणी सगळीच मशीनं नळातून घेतात; सोडायच्या रीती मात्र वेगळ्या. दोन टपांच्या साध्या मशीनमध्ये पाणी आपल्याच वजनानं निघून जातं, नळी तेवढी जमिनीवर पडलेली हवी. वरून कपडे टाकायच्या बऱ्याचशा स्वयंचलित मशीनमध्येही पंप नसतो. एक छोटी मोटर तळाचा पडदा ओढून धरते आणि पाणी उतारानं वाट धरतं. कुणी टापटिपीपायी ती नळी वर बांधून ठेवली की पाणी तुंबतं आणि बदनामी कंपनीची होते.

समोरून दार असलेल्या मशीनचं सगळं उलटं. त्याचं पाणी तळाशी जमतं. मुठीएवढा एक पंप ते उचलतो, मागं नळीच्या कमानीवर चढवतो आणि पलीकडं टाकतो. त्या नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच असावं लागतं. फार खाली ठेवलं तर एकदा वाहू लागलेलं पाणी थांबत नाही. मशीन वरून घेत राहतं, खालून जात राहतं आणि कपड्यांच्या वाट्याला नुसतं दर्शन येतं. फार वर नेलं तर पंपाला ते झेपत नाही. म्हणजे मामांचं मशीन साताऱ्याचं होतं, त्याला उतार पुरत होता. माझं सांगलीचं होतं, त्याला पाणी ढकलत न्यावं लागत होतं.

मिस्त्री उद्या येणार होता आणि पाहुणे त्याच्या आधी. पंपापर्यंतची तपासणी घरच्या माणसाला जमण्यासारखी असते, म्हणून आम्ही बसलो. आधी बटण बंद करून वायर भिंतीतून काढायची. पाणी गरम असलं तर निवू द्यायचं. मशीनच्या पुढच्या अंगाला, अगदी खाली कोपऱ्यात, एक लहानसं झाकण असतं. मशीन घरात वर्षानुवर्षं नांदतं, पण ते झाकण उघडतं हे कित्येकांच्या गावीही नसतं. झाकणाआड बोटाएवढी नळी, तिला बूच, आणि शेजारी फिरकीचं मोठं बूच. हे मोठं बूच म्हणजे गाळणी. बऱ्याच मशीनना अशी छोटी नळी दिलेली असते आणि तिच्यातूनच पाणी आधी सावकाश काढून घ्यायचं असतं. हा क्रम न पाळता ज्यांनी सरळ गाळणीला हात घातला, त्यांच्या घरची फरशी त्या दिवशी फार स्वच्छ निघते.

परात बसकी असते म्हणून ती झाकणाखाली बसते, आणि बसकी असते म्हणूनच लगेच भरते. बूच काढा, परात भरा, बूच लावा, परात ओता. मुलगा दारात उभा राहून पातळी जाहीर करत होता. “परात इशारा पातळीला! परात धोका पातळीला!” आई काठावरच्या गावांना म्हणजे पायपुसण्यांना स्थलांतर करायला लावत होती. धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्या अभियंत्यांबद्दल माझ्या मनात त्या वेळी जेवढा आदर दाटला तेवढा एरवी कधी दाटला नव्हता. खाली बसलेल्याला वाटतं, वरून जरा हळू सोडा; वर बसलेल्याच्या परातीत मात्र आणखी येतच असतं.

पाणी संपलं. गाळणी डावीकडं फिरवून ओढली तशी ती एक काळपट लगदा घेऊन बाहेर आली. त्यात केस होते, ब्लाऊजचा हूक होता, एसटीच्या तिकिटाची गोळी होती. तासगावकडचा एक बेदाणा होता. पाण्यात राहून तो पुन्हा द्राक्ष व्हायच्या बेतात होता. आणि दोन रुपयांचं नाणं होतं. गाळणी निघाली की मागच्या पोकळीत बोटाला पंपाचा छोटा पंखा लागतो. तो अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतो. आतल्या चुंबकामुळं तसं होतं, तो काही दोष नव्हे. आमच्या पंख्याला चादरीच्या काठाचा दोरा गुंडाळला होता. तो काढला, गाळणी ब्रशनं धुतली आणि घट्ट फिरवून बसवली. मागं वाकून बघितलं तर मशीन भिंतीला इतकं रेलून उभं होतं की नळीचा गळाच आवळला होता. ते चार बोटं पुढं ओढलं.

पाण्याची वाट मोकळी झाली. मग घरात चौकशी समिती बसली.

हूक कुणाचा यावर फार चर्चा झाली नाही. तिकीट इस्लामपूरचं होतं असं आईचं म्हणणं पडलं, पण लगद्यावर गाव वाचता येत नव्हतं. बेदाण्याबद्दल मुलगा गप्प राहिला. खरी कसोटी नाण्यानं घेतली. एरवी आमच्या घरात दोन रुपयांसाठी भाजीवाल्याशी तात्त्विक वाद होतात. त्या दिवशी ते नाणं टेबलावर पडून होतं आणि त्यावर हक्क सांगायला कुणी पुढं येईना. मी खिसे तपासूनच कपडे टाकतो, असं मी म्हणालो. टाकलेल्या कपड्यांचेही खिसे मी तपासते, असं ही म्हणाली. आमच्या वेळी खिशात नाणीच नसायची, असं आई म्हणाली. अहवालाअंती असं दिसलं की नाणं आपोआप तयार झालं असावं.

सांगलीला हा अनुभव नवा नाही. २०१९ च्या महापुरानंतर पाणी का तुंबलं यावर असाच खल झाला. कुणी कोयनेकडं बोट दाखवलं, कुणी खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं, कुणी नुसतं वर आभाळाकडं. राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिनं २०२० साली अहवाल दिला. त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडता येत नाही, असं समितीचं म्हणणं होतं. तिचा रोख थोड्या दिवसांत कोसळलेल्या विलक्षण पावसावर आणि नदीच्या वाटेतल्या अडथळ्यांवर होता. अहवाल सगळ्यांना पटला असं नाही. आजही मारुती चौकात चहा घेताना अलमट्टी म्हणालात की निम्मी टपरी तुमच्या बाजूनं उभी राहते. त्यात नवल नाही. तुंबलेल्या पाण्याचं कारण आपल्या अंगणापासून जितकं दूर सापडेल तितकं बरं वाटतं. मशीन तुंबलं की कंपनी, नदी तुंबली की पलीकडचं राज्य. वाटेतलं नाणं टेबलावर बेवारस पडून राहतं.

मामांच्या धाकट्या भावाचं लग्न वाळवा तालुक्यात झालेलं. तिकडच्या रानात गेलं की हीच गोष्ट एकरांच्या मापात दिसते. तिथल्या पाहुण्यांच्या तरुणपणी रानाला पाणी आणणं म्हणजे पराक्रम होता. नदीवरून उपसा करायचा, संस्थेचं कर्ज काढायचं, चरी खणून पाईप टाकायचे आणि रात्री-अपरात्री वीज आली की बॅटरी घेऊन बांधावर उभं राहायचं. आलेलं पाणी पुन्हा कधी मिळेल याचा नेम नाही म्हणून उसाला ते भरपूर पाजायचं. ऊस काही नको म्हणत नाही. जमीन मात्र म्हणते, पण तिचं बोलणं उशिरा ऐकू येतं. खाली मुरलेल्या पाण्याला निघून जायला वाट नसली की त्याची पातळी हळूहळू वर चढते, खोलवरचे क्षार सोबत आणते, ऊन लागून पाणी उडून जातं आणि वर पांढरं पीठ सांडल्यासारखी जमीन उरते. वाळवा, पलूस, मिरज आणि शेजारचा शिरोळ, सगळ्या कृष्णाकाठाला हे क्षारपड जमिनीचं दुखणं लागलं आहे. गंमत अशी की याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ ही गावं पाण्याच्या थेंबासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुरली आणि त्यांच्यासाठी टेंभू-म्हैसाळचे पंप कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवत नेतात. एका जिल्ह्याची एक बाजू पाणी यावं म्हणून झगडते आणि दुसरी ते जावं म्हणून.

क्षारपडीवरचा उपाय आमच्या रविवारच्या कामाइतकाच साधा आहे, फक्त परात मोठी लागते. जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्यांचं जाळं अंथरायचं. जादा पाणी क्षारांसकट त्या नळ्यांत उतरतं आणि ओढ्याला जाऊन मिळतं. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात अशा जमिनींवर काम चालतं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या परिसरात गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा नळ्या घातल्या आणि पांढरी पडलेली रानं पुन्हा पिकाखाली आणली. एकत्र येणं त्यात महत्त्वाचं, कारण माझ्या रानातलं पाणी बाहेर पडतं ते दुसऱ्याच्या बांधावर. पाणी आणताना एकट्याचा पराक्रम चालतो. घालवताना शेजाऱ्याशी बोलावं लागतं, आणि ते जास्त अवघड. वाळव्याच्या त्या पाहुण्यांनी मला एकदा हिशेब सांगितला होता, “पाणी आणाय कर्ज काढलं. आता घालवाय काढतोय.”

नदीचंही तेच. कृष्णा उगम पावते तिथून अरबी समुद्र सुमारे ६४ किलोमीटरवर आहे. पण मध्ये सह्याद्रीचा कणा आडवा, आणि उतार पलीकडं. म्हणून ती पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पाण्याला जवळची वाट कळत नाही, सोपी कळते. एवढा लांबचा पल्ला गाठणाऱ्या पाहुणीला आमच्या दारातून जाताना जराशी जागा लागते, आणि आम्ही तिथं घरं बांधतो, भराव टाकतो, ओढ्यांचे नाले आणि नाल्यांच्या नळ्या करतो.

१९२९ साली सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल झाला. पावसाळ्यात सगळं शहर त्याच्यावरची पाण्याची पातळी वाचत असतं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ साली ५७ च्या वर, २०२१ साली पुन्हा ५४ च्या वर. त्या दिवसांत फोनवर कुणी ख्यालीखुशाली विचारत नाही, “आयर्विनला किती?” एवढंच विचारतात. आणि बऱ्याच घरांत पाणी पहिल्यांदा शिरलं ते दारातून नव्हे. दाराला लोकांनी पोती लावली होती, फळ्या लावल्या होत्या. पाणी मोरीतून आलं. ज्या भोकाकडं कधी कुणी बघितलं नव्हतं तिथून ते उलटं वर चढलं. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा उंच झालं की जाण्याची वाटच येण्याची होते. तिथं कुठला पंप आणि कुठली गाळणी. पूर ओसरल्यावर रस्तोरस्ती गाद्या, कपाटं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांचे चिखलानं माखलेले ढीग लागले होते. कपडे धुण्यासाठी आणलेली मशीनं लोक पाइप लावून धूत होते.

मग आपल्याकडं जाणाऱ्या पाण्याचा मान राखणारं कुणी झालंच नाही का? झालं. आणि ते आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात जा, साताऱ्याजवळ पाटेश्वराच्या डोंगरावर जा, कुठल्याही शंकराच्या देवळात जा. तिथं पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत जायचं आणि उलटं फिरायचं. ती ओलांडायची नाही. लहानपणी याचं कारण विचारलं की मोठी माणसं पापपुण्याचं काही सांगत. आता वाटतं, ज्यानं हा नियम केला त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असावा. देवावर पाणी घाला म्हणून सांगावं लागत नाही, लोक घागरीनं घालतात. सांगावं लागतं ते एवढंच की हे पाणी बाहेर जाणार आहे, त्याच्या वाटेत पाय घालू नका. जगातल्या सगळ्या अभियंत्यांचं म्हणणं त्या अर्ध्या प्रदक्षिणेत आलेलं आहे.

शासनानंही नदीभोवती अशी पन्हळ आखून ठेवली आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. फरक इतकाच की देवळातली पन्हळ दगडाची असते आणि तिच्याशी गुरव बसलेला असतो. निळी रेषा कागदावर असते. कागदावरची रेष ओलांडली तर पाप लागतं असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. उलट ओलांडून राहिलं तर पुढं कधीतरी घरपट्टी सुरू होते, विजेचा मीटर मिळतो, आणि मग नदीलाच लोक विचारतात, तू इथं कशी?

मिस्त्री कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी न येता त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तोवर मशीन चालू झालेलं होतं, चादरी वाळून पाहुण्यांच्या अंगावर पडून परत धुण्यात गेल्या होत्या. तरीही त्यानं सगळं तपासलं. नळीची उंची बघितली, मोरीच्या जाळीवरचा गाळ काढायला लावला, महिन्यातून एकदा गाळणी उघडत जा म्हणाला. मग मशीनच्या पुढ्यातली कांद्याची पाटी पायानं बाजूला सारून तो म्हणाला, “हे झाकण उघडंल एवढी जागा मोकळी ठेवा. हितं काय ठेवू नका.” मला त्याच्यात देवळातला गुरव दिसला. तेवढ्याच भक्तिभावानं मी खडू घेतला आणि झाकणासमोरच्या फरशीवर रेष आखली. निळा खडू मुलाच्या दप्तरात मिळाला.

घरातल्या सगळ्यांनी रेषेला मान्यता दिली. पहिलं अतिक्रमण आईच्या पायपुसण्यानं केलं. ते तात्पुरतं होतं. मग मुलाचे बूट आले, ते शाळेतून आल्यावर लगेच उचलायचे होते. मग पावसाळ्यात कांदा कुठं कोरडा राहील यावर विचार झाला आणि घरात तेवढी एकच मोक्याची मोकळी जागा शिल्लक असल्याचं सर्वांच्या लक्षात आलं. पाटी परत आली. मी हरकत घेतली. आई म्हणाली, पाटी कुठं ठेवायची ते तू सांग. २००१ साली राज्यात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला तेव्हा सरकारपुढंही बहुधा हाच प्रश्न उभा असावा. रेष आता पाटीखाली आहे. मामांनी फोनवर सल्ला दिला की पाटी हलवायच्या भानगडीत न पडता वर्षाचा दंड ठरवून टाका. दंड दोन रुपये ठरला. आईनं तो त्याच वेळी, टेबलावरच्या त्या बेवारस नाण्यानं, रोख भरला.